शुक्रवारचा रविवार

दुबईत ख्रिस्ती माणसाचा रविवार शुक्रवारी यायचा. नाशिकमध्ये कुणी हे सांगितलं असतं तर मी थट्टाच समजलो असतो. पण 2022 च्या जानेवारीत अमिरातीने शनिवार-रविवार सुट्टी लागू करेपर्यंत तिथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारची होती, आणि सुट्टी असेल त्या दिवशी मोठी मिस्सा, हा व्यवहार चर्चनेही मान्य करून टाकला होता. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या खोलीत चार बेडस्पेस. एक माझा, एक चिपळूणच्या मुसलमान पोराचा, एक मल्याळी अकाउंटंटचा आणि एक वसईच्या एसी टेक्निशियनचा. शुक्रवारी दुपारी खोलीत दोनच प्रकारची माणसं उरत, झोपलेली आणि घरी व्हिडिओ कॉल लावून बसलेली. मी दोन्हींना कंटाळलो होतो. वसईकर म्हणाला, "चल माझ्याबरोबर ऊद मेथाला. देव नको असेल तर माणसं बघ."

गेलो, आणि फाटकातच थबकलो. एवढी माणसं मी यापूर्वी फक्त कुंभमेळ्यात पाहिली होती. सेंट मेरीज चर्च. जमीन दिली दुबईच्या शासकाने, शेख रशीद यांनी, 1966 साली. दुसऱ्या वर्षी चर्च उभं राहिलं, आणि ते पुरेना म्हणून 1989 मध्ये आजची इमारत झाली. तीही पुरत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक मिस्सा: इंग्रजी, मल्याळम, कोकणी, तगालोग, तमिळ, अरबी. एका भाषेचे लोक एका दाराने बाहेर पडतात तोच दुसऱ्या भाषेचे दुसऱ्या दाराने आत शिरतात. आत जागा न मिळालेले अंगणात उभे राहून लाउडस्पीकरवर प्रार्थना म्हणतात. उन्हाळ्यात, त्या उकाड्यात! घामाने शर्ट पाठीला चिकटलेले, पण कुणी हलत नाही.

नियम एकच आणि स्पष्ट. भिंतीच्या आत जे करायचं ते करा. बाहेर रस्त्यावर मिरवणूक नाही, धर्मप्रचार तर मुळीच नाही. त्यामुळे गावाकडे जे रस्त्यावर, चौकात, ओट्यावर सांडतं ते सगळं इथे एका अंगणात कोंबलेलं असतं. मदर मेरीच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावणारे, मुलांना बायबलच्या वर्गाला सोडायला आलेले आईबाप, आणि 'सतवा भागात एक बेड खाली होतोय, लेडीजसाठी' अशा बातम्या. नोकरी कुठे सुटली, व्हिसा कुठे अडकला, कुठल्या कंपनीने तीन महिने पगार दिला नाही, हे मला कामाच्या साइटवर कधी कळलं नाही. त्या अंगणात कळलं. मेणबत्त्या लावणाऱ्यांत कपाळाला गंध लावलेली दोन माणसं दिसली तेव्हा वसईकर डोळा मारून म्हणाला, "तू एकटा नाहीस."

तो स्वतः बसायचा कोकणी मिस्सेला. त्याच्या गावच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा होते. इथे जवळची म्हणून कोकणी. गोयंकारांची निम्मी प्रार्थना कळायची, निम्मी तो सुरावर निभवायचा. एकदा पायरीवर बसून त्याने मला ऐकवलं की मराठीतलं ख्रिस्तपुराण गोव्यातच 1616 साली छापलं गेलं, आणि ते लिहिणारा फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. शाळेत परीक्षेपुरतं वाचलेलं हे नाव एसीच्या गॅसचा वास येणाऱ्या माणसाकडून, दुबईत, नीट तपशिलासकट ऐकायला मिळावं याची मला गंमत वाटली.

आमची खरी पुढारी मात्र एक फिलिपिनो बाई होती. सुपरमार्केटात कॅशियर, वयाने मोठी म्हणून सगळे तिला 'आते' म्हणत, तिच्याकडे ताईला तसं म्हणतात. डिसेंबरात तिने आम्हाला सिंबांग गाबीला ओढून नेलं. नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या या मिस्सा फिलिपिन्समध्ये पहाटेच्या अंधारात, कोंबडा आरवायच्या सुमारास होतात, आपल्या कार्तिकातल्या काकडआरतीसारख्या. दुबईत पहाटे सगळ्यांना कंपनीची बस पकडायची असते, म्हणून त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर. युनिफॉर्म न बदलता आलेल्या नर्स, हॉटेलच्या वेट्रेस, गळ्यात ओळखपत्र लटकवलेले सेल्समन. आतेने पिशवीतून तांदळाचा, नारळाचा एक केक काढला, बिबिंका. चवीला थेट आमच्या चिपळूणवाल्याच्या आईच्या सांदणाशेजारी बसेल असा. त्याने तीन तुकडे खाल्ले.

2019 च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस अबुधाबीला आले. अरबी द्वीपकल्पावर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. 5 तारखेच्या मिस्सेला झायेद स्पोर्ट्स सिटीत आत-बाहेर मिळून सुमारे 1 लाख 80 हजार माणसं होती. तिकीट असलेल्यांना सरकारने रजा जाहीर केली होती, पण वसईकराच्या साइटवर त्या दिवशी बदली माणूसच नव्हता. त्याची ड्युटी भरून काढली ती स्वातच्या पठाण फोरमनने. "पोप बार बार थोडी आता है," इतकंच म्हणाला.

मग परतफेड म्हणून वसईकर माझ्याबरोबर बर दुबईच्या देवळात आला. क्रीकला लागून, ग्रँड मॉस्कच्या पाठीशी, अंग चोरून चालावं अशी गल्ली. दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्ती, विठोबापासून व्यंकटेशापर्यंत सगळे फोटो. सिंध्यांनी 1958 पासून जपलेलं हे ठिकाण. महाशिवरात्रीची रांग क्रीकच्या काठापर्यंत गेलेली, आणि तिला वळण लावणारे दुबई पोलीस. इकडे अभिषेक, तिकडे अजान, आणि रांगेतल्या कुणाच्याही कपाळावर आठी नाही. ते शिवमंदिर 2024 च्या जानेवारीत जबल अलीला हललं. तिथे आता नवं मोठं मंदिर आहे, शेजारी गुरुद्वारा आणि आसपास चर्चं. प्रशस्त, स्वच्छ, पार्किंगसकट. मला गल्लीच आवडायची.

जबल अलीचा गुरुद्वारा मात्र जागेवरून हलू नये. 2012 पासून तिथे रोज लंगर चालतो. डोक्याला भगवा रुमाल बांधून खाली बसायचं, पुढ्यात स्टीलची थाळी, डाळ, भाजी, रोटी, खीर. माझ्या डाव्या हाताला नेपाळी वॉचमन, उजवीकडे टाय लावलेला कुणी मॅनेजर, वाढणारा दोघांनाही "परशादा?" म्हणून एकाच वाकण्याने रोटी देत होता, आणि घेणाऱ्याला दोन्ही हात पुढे करावे लागत होते. मॅनेजरने एक हात पुढे केला. वाढणारा हसत थांबून राहिला. दुसरा हात आल्यावरच रोटी पडली. 2017 मध्ये याच गुरुद्वाऱ्याने 101 देशांच्या लोकांना एकत्र न्याहारी घालून गिनीज बुकात नोंद केली म्हणे. असेल. मला त्या दोन हातांची नोंद जास्त मोठी वाटली.

भारतातून येणारे पाहुणे हे बघून भारावतात आणि म्हणतात, आपल्याकडे असं का नाही? मला हा प्रश्न भाबडा वाटतो. दुबईतली माणसं नाशिक-वसईच्या माणसांपेक्षा थोर नाहीत. तीच माणसं आहेत. फक्त इथे कुणाला मत मागायचं नाही, कुणाला जमीन वाडवडिलांची म्हणून सांगायची नाही. देऊळ, चर्च, गुरुद्वारा, सगळे परवान्यावर. आम्हीही परवान्यावर. भांडायला लागणारा मालकीहक्कच कुणाकडे नाही. म्हणून मैत्री लवकर जमते, आणि तितक्याच लवकर मोडते. भांडणाने नव्हे, व्हिसाने. शेजारच्या बाकावरचा माणूस पुढच्या आठवड्यात नसतो. कॅन्सल होऊन गेलेला असतो.

आमच्या खोलीतही तेच झालं. वसईकराला दोह्यात नोकरी लागली. तिथे सगळी चर्चं गावाबाहेर मसैमीरला एकाच आवारात आहेत; 2008 मध्ये उघडलेलं तिथलं कॅथलिक चर्च कतारमधलं पहिलं. महिन्याभरात तिथल्या अंगणात त्याने एक गोयंकार कुक आणि दोन तमिळ ड्रायव्हर जमवले. पाठोपाठ चिपळूणच्या पोराची कंपनी बुडाली, तिकिटाचे पैसे त्याने स्वतःच भरायचे असं ठरलं. मी दोह्याला फोन केला. वसईकर म्हणाला, "आतेकडे माझे दोनशे दिरहम राहिलेत. ते घे आणि त्याच्या तिकिटात घाल."

तिच्या काउंटरवर गेलो. मागे लाइन होती, म्हणून मी घाईघाईत सांगितलं. आतेने गल्ल्याला हात न लावता स्वतःच्या पर्समधून तीनशे काढले आणि पोराचं सामान तीस किलोच्या आत बसतंय का ते आधी वजन करून बघायला सांगितलं.