चौथी पिशवी

मातीचा नमुना भरताना पिशवीत दोन चिठ्ठ्या टाकायच्या, एक आत आणि एक बाहेर बांधून. गाव, खड्ड्याचा क्रमांक, किती सेंटिमीटरपासून किती सेंटिमीटरपर्यंत, तारीख. शाई ओल्या मातीत फुटते म्हणून पेन्सिलीनेच लिहायचं. मी हे सगळं नेमाने केलं होतं. तरीही २००५च्या उन्हाळ्यात, रायत्याच्या खड्ड्यातली चौथी पिशवी हातात घेऊन, आपण चिठ्ठ्यांची अदलाबदल केली असावी, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते.

मृदाशास्त्रातल्या एमएससीचा माझा प्रबंध आमच्याच परिसरावर होता. डोंबिवलीत लहानाची मोठी झाले. गच्चीवर गेलं की एका बाजूला मलंगगड दिसायचा, दुसऱ्या बाजूला खाडीकडचा सपाट, धुरकट पट्टा. या दोहोंच्या मधली जमीन कोणत्या जातीची आहे, हे प्रयोगशाळेतले आकडे, पावसापाण्याच्या नोंदी आणि जमिनीची ठेवण या तिन्हींवरून ठरवायचं, असा विषय मी घेतला. चार खड्डे ठरवले: मलंगगडाच्या पायथ्याशी वरकस माळावर एक, त्याच उताराखालच्या भातखाचरात दुसरा, कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याला उल्हास नदीच्या काठी तिसरा आणि ठाण्यात कोलशेतला खाडीलगतच्या खारीत चौथा. नकाशावर ते एका रेषेत नव्हते, पण उताराच्या क्रमाने होते. जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत काम करताना अशा क्रमाला ‘कटीना’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साखळी. डोंगरमाथ्यापासून दरीपर्यंतच्या माती एकमेकींत ओवलेल्या असतात, वरची जे गमावते ते खालची घेते.

नोव्हेंबर २००४मध्ये भातकापणी झाल्यावर खणायला सुरुवात केली. वरकसात काम लवकर उरकलं, कारण वीतभर खाली गेलं की कुदळीला मुरूम लागायचा आणि त्याखाली कुजत चाललेला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक पाण्याने कसा सुटत जातो, ते पुढे मुंब्रा बायपाससाठी कापलेल्या पारसिकच्या कड्यावर फार स्पष्ट पाहायला मिळालं. मधे घट्ट गोळा आणि भोवती कांद्यासारखे पापुद्रे, बोटाने सोलावेत असे. वरकसात त्या पापुद्र्यांचाच भुगा होता. लालसर तपकिरी, हलका, नाचणी आणि वरीपुरता.

इथे माझ्या आईच्या रत्नागिरीकडच्या नातेवाइकांना नेहमी प्रश्न पडायचा, की कोकणच ना हे, मग तुमच्याकडे जांभा का नाही? जांभा व्हायला पुष्कळ पाऊस लागतो, खडकातली सिलिका आणि चुना-मॅग्नेशियम धुऊन जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहायला लागतं, आणि मुख्य म्हणजे जमिनीचा तो पृष्ठभाग फार मोठा काळ जागच्या जागी राहावा लागतो. आमच्याकडे नद्या-ओढ्यांनी जुने पृष्ठभाग कापून काढले. माथेरानच्या सपाट माथ्यावर मात्र तो उरला आहे. चपलांना लागणारी तिथली लाल धूळ त्याच जांभ्याची. खाली उतरलं की माती तरुण होत जाते.

खाचरातला खड्डा वेगळाच निघाला. वर गडद करडी चिखलाची माती, त्याखाली बैलांच्या पायांनी आणि नांगराने दाबलेला कठीण थर, आणि भाताच्या जुन्या मुळांच्या वाटांभोवती गंजाचे नारिंगी ठिपके. चार महिने पाणी उभं असताना मातीतल्या लोहाला हवा मिळत नाही, ते विरघळतं, आणि मुळांच्या पोकळीतून जिथे हवा शिरते तिथे गंजून बसतं. मे महिन्यात त्याच खाचराला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शेतमालकाने भातानंतर वाल पेरले होते, एक थेंब पाणी न देता. वाल नुसत्या ओलीवर येतात, याचा अर्थ ही चिकणमाती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. मातीची ओल धरायची क्षमता मी नंतर प्रयोगशाळेत दाब देऊन मोजली. वालाने ती आधीच सांगितलेली होती.

कोलशेतच्या खड्ड्याने मला पहिला धडा दिला. तिथली जमीन बांध घालून खाडीपासून राखलेली होती. भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं बाहेर सोडायला बांधात उघाडी ठेवलेली. मी नोव्हेंबरात नमुना नेला आणि क्षारांची चाचणी केली. संपृक्त अर्काची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसिमेन्सच्या वर गेली तर माती क्षारयुक्त म्हणायची, असा दंडक आहे. माझा आकडा त्याच्या बराच खाली होता. मी वहीत लिहून टाकलं, क्षारयुक्त नाही. शेत कसणाऱ्या आजींना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बाय, खारीला खारी नाय म्हनायची तर काय म्हनायची? शिमगा झाल्यावर ये, मंग बघ.” होळीनंतर गेले. वाफ्यांवर पांढरा थर आला होता. पावसाळ्यात क्षार खाली धुतले जातात. उन्हाळ्यात खालचं खारट पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून तिथे भात पावसातच होतं आणि बाकी वर्षभर जमीन पडीक राहते. एका दिवशी काढलेला नमुना त्या एका दिवसाचंच सांगतो. दुसऱ्या नमुन्याचा आकडा दंडकाच्या किती पुढे गेला, हे पाहूनही मी नोव्हेंबरचं पान खोडलं नाही. दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवल्या. प्रबंधातलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच आहे.

आता रायता. नदीकाठचा तो खड्डा खणायला सगळ्यात सोपा होता. मऊ, गाळाची, खोऱ्याला न चिकटणारी माती. दीड मीटर खाली गेलो तरी खडक नाही. रंगपट्टीवर वरून खालपर्यंत जवळजवळ एकच गडद तपकिरी, म्हणून मी ठराविक अंतरावर सहा पिशव्या भरल्या.

सेंद्रिय कर्बाची चाचणी आम्ही वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४च्या पद्धतीने करायचो. चाळलेली माती शंकुपात्रात घ्यायची, पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घालायचं, पात्र गरम होतं, अर्धा तास थांबायचं, मग फेरस अमोनियम सल्फेट थेंबथेंब सोडायचं. जांभळट निळा रंग एका थेंबात हिरवा होतो. तो थेंब चुकला की पहिल्यापासून सुरुवात. खारीच्या मातीत सिल्व्हर सल्फेट घालावं लागतं, कारण मिठातला क्लोराइडही डायक्रोमेट खातो आणि नसलेला कर्ब दिसू लागतो. हे सगळं मला पाठ झालं होतं.

कर्ब वरच्या थरात जास्त आणि खोल जाऊ तसा कमी, हा सर्वसाधारण नियम. मुळं, पाला, शेण हे सगळं वर असतं. वरकसाने आणि खाचराने हा नियम पाळला. रायत्याच्या पहिल्या तीन पिशव्यांनी पाळला. चौथी, साठ सेंटिमीटरच्या खालची, अचानक वर गेली, जवळजवळ शेताच्या पृष्ठभागाइतकी. पाचवी पुन्हा खाली. सरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “पिशव्या बदलल्या असतील, परत कर.” परत केलं. तोच आकडा. नव्याने डायक्रोमेट करून तिसऱ्यांदा केलं. तोच. मग मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. चिकणमातीचं प्रमाण मोजायला पिपेट पद्धत घेतली. त्यात मातीचं गढूळ पाणी उंच सिलिंडरमध्ये न हलवता ठेवायचं असतं, आमच्या उन्हाळ्यात सहा-सात तास. तापमान जितकं जास्त तितका वेळ कमी, म्हणून दर तासाला तापमापक पाहत बसायचे. तिथेही चौथी पिशवी वेगळी निघाली, वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांहून बारीक.

मे अखेर मी पुन्हा रायत्याला गेले. शेतमालक काकांना विचारलं, इथे कधी खणलं होतं का, खत पुरलं होतं का? ते खड्ड्यात उतरले, हाताने भिंत चाचपली आणि म्हणाले, “इथं खनलं नाय कोनी. पन आमच्या आज्याचा बांध या लायनीत होता, आता दिसत नाय. पूर आला का पानी दोन दिस उभं राहतं. उतरलं का चिखल ठेवून जातं.” मग त्यांनी खड्ड्याच्या भिंतीतून मडक्याचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. कमरेच्या खाली होता तो.

चौथी पिशवी म्हणजे एक जुनं शेत होतं. कधीतरी तोच पृष्ठभाग होता, त्यावर गवत उगवलं, शेण पडलं, मुळं कुजली, आणि मग नदीने त्यावर गाळ घातला. अमेरिकन वर्गीकरणात कर्ब असा खालीवर होणाऱ्या मातीला ‘फ्लुव्हेंटिक’ म्हणतात, म्हणजे नदीची. पुस्तकात मी तो शब्द वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण शंकुपात्रातल्या हिरव्या रंगाशी तो शब्द जोडायला मला काकांचं बोट लागलं.

मग हवामान. कल्याणच्या तहसीलमधल्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी मिळाल्या, पण तापमानासाठी सांताक्रूझचे आकडे उसने घ्यावे लागले. आमच्याकडे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही पाण्याचा ताळेबंद मांडल्यावर माती ‘उस्टिक’ गटात बसली. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमध्ये जळालेलं, करपलेलं असा अर्थ आहे. एवढ्या पावसाच्या गावाला हे नाव कसं, असं वाटतं खरं, पण तो सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि नोव्हेंबर ते मे माती वाट पाहत असते. अर्ध्या मीटर खोलीवर उन्हाळ्या-हिवाळ्याच्या तापमानात फारसा फरक नाही, सरासरी बावीस अंशांच्या वर. तीही नोंद वर्गीकरणात गेली. शेवटी रायत्याच्या मातीचं नाव ठरलं, फ्लुव्हेंटिक हॅप्लुस्टेप्ट. फ्लुव्ह म्हणजे नदी, हॅपल म्हणजे साधं, उस्ट म्हणजे कोरडा काळ, एप्ट म्हणजे सुरुवात. अजून घडत असलेली माती. प्रयोगशाळा, आभाळ आणि नदी या तिन्हींची साक्ष एका शब्दात. मला तो शब्द आजही सुंदर वाटतो.

प्रबंध टंकनाला द्यायच्या बेतात होते आणि २६ जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. एकाच शहरातल्या दोन केंद्रांत एवढं अंतर, आणि मी कल्याणच्या मातीला सांताक्रूझचं तापमान लावून मोकळी झाले होते. तापमान पावसासारखं तुटक नसतं, हे खरं. पण त्या प्रकरणात मी एक परिच्छेद वाढवला, उसन्या आकड्यांबद्दल.

उल्हास नदी कल्याण-बदलापूर पट्ट्यात किती शिरली, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. रायत्याला मी ऑगस्टच्या अखेरीस जाऊ शकले. काकांच्या घरात छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती. लावणी झालेलं भात गाळाखाली गेलं होतं. त्यांनी मला शेतात नेलं. खालच्या बाजूला चार बोटं जाड, वर बांधाकडे विरळ होत गेलेला, सुकून फुटलेला नवा गाळ. मी नमुना घेऊ का, हे विचारायला मला धीर होत नव्हता. काकांनीच पिशवी मागितली, आणि आपल्या हाताने भरली.

पुढे वीस वर्षं मी मातीचीच नोकरी केली. २०१५पासून मृदा आरोग्य पत्रिका आली, बारा घटकांची. सामू, क्षार, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म घटक. तिचा उपयोग मी रोज पाहते, आणि तरी तिच्यात एक ओळ कमी आहे असं मला ठामपणे वाटतं: शेतकरी त्या जमिनीला काय म्हणतो? वरकस, खाचर, मळा, खार. पत्रिकेचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, त्यात उतार नसतो, खोली नसते, खाडी किती लांब आहे ते नसतं. त्या एका शब्दात हे सगळं असतं आणि तो विचारायला खर्च लागत नाही.

कोलशेतच्या खड्ड्याच्या जागी आता इमारत आहे. त्याआधी भराव पडत असताना मी एकदा तिथे थांबले होते. डंपरमधून लालसर मुरूम ओतला जात होता, त्यात ते कांद्याचे पापुद्रे. वरकसाची माती खारीवर, मधली खाचरं आणि नदी दोन्ही वगळून. आजींची उघाडी कुठे होती, ते मला ओळखता आलं नाही.

रायत्याचं शेत अजून आहे. काका नाहीत, मुलगा कसतो. नांगरटीने शेतातले वरचे थर मिसळून जातात, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी बांधापलीकडच्या न नांगरलेल्या गवताच्या पट्टीत गिरमिट घातलं. गवताच्या मुळांखाली एक फिकट, बारीक गाळाची रेघ आली. त्याच्याखाली काळपट, मग पुन्हा फिकट, पहिलीपेक्षा जाड. २०२१च्या जुलैतला पूर, त्याआधी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो २७ जुलै २०१९चा, असं मी मनात लावत होते. आणखी खाली गिरमिट फिरवलं. चार बोटं जाड थर वर आला. मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. त्याने तो बोटांत चुरडला, वास घेतला आणि विचारलं, “ताई, हा बाबांनी भरून दिला होता तोच ना?”

मी पिशवी उघडली आणि पेन्सिल त्याच्याकडे दिली.