ट्रॉलीचे चाक आणि मूठभर ग्रीस

आपल्या खान्देशात ट्रॅक्टर धुतला-पुसला जातो, त्याचे ऑइल वेळेवर बदलले जाते. मागच्या ट्रॉलीकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. तिला इंजिनच नाही, तर बिघडणार काय, अशी समजूत असते. पण कापूस जिनिंगला जातो तो तिच्यातूनच. कायद्याने ट्रॉलीत माणसे बसवायची नसतात, तरी वेचणीच्या बाया तिच्यातूनच शेतावर जातात.

मी जळगावला उर्दू शाळेत शिकवते. माहेर धुळे तालुक्यातले. मरहूम अब्बांची बैलगाडी होती. लांब जायचे असले की ते चाक थोडे बाहेर सरकवून आसाला एरंडेल लावत आणि आसाच्या टोकाची खीळ हाताने हलवून बघत. वंगण कमी पडले तर चाक कुरकुरायचे, म्हणजे गाडी स्वतःच सांगायची. ट्रॉलीचे बेअरिंग बंद तुंब्यात असते. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याची कुरकुर ऐकूच येत नाही. म्हणून इथे कानावर नव्हे, तारखेवर भरवसा ठेवावा लागतो.

मिस्त्री ज्याला हब म्हणतात त्या तुंब्यात दोन बेअरिंग असतात, आतले आणि बाहेरचे. त्यांतले रोलर एका टोकाला निमुळते असतात. वळणावर चाकावर बाजूने जोर येतो, तोही त्यांना पेलता यावा म्हणून. अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. म्हणजे हीसुद्धा मूळची गाडीवानाचीच गरज!

माझा धाकटा भाऊ पावसाळा संपला की, कापूस वेचणीच्या आधी, चाके उघडतो. दिवाळीच्या सुट्टीत मी ते काम जवळून पाहिले आहे. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड, मग जॅक. टोपी, कॉटर पिन आणि नट काढून बेअरिंग बाहेर घ्यायचे, डिझेलमध्ये धुऊन कोरडे करायचे. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर बेअरिंग त्याच्या बाहेरच्या कपासह बदलायचे. मग तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचे, ग्रीस रोलरांमधून दुसरीकडे बाहेर येईपर्यंत. नुसते वरून फासलेले ग्रीस आत पोहोचत नाही. तुंबा गच्च भरला तरीही बेअरिंग तापते. जुने ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय दुसऱ्या प्रकारचे घालू नये.

सील मात्र नवे हवे. पावसाळ्यात आपल्याकडे ट्रॉली नाल्यातून जाते. धावून तापलेला तुंबा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस ताकासारखे पांढरट होते, पुढे गंज धरतो. परदेशात होडी ट्रेलरवर ठेवून थेट पाण्यात उतरवतात, त्यांनाही हीच अडचण येते.

शेवटी चाक फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल करायचा आणि नवी पिन घालायची. फार घट्ट नट बेअरिंग जाळतो, फार सैल नट चाक डगमगवतो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर उतरून तुंब्याजवळ हात न्यावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडी तिथेच थांबवावी.

एकदा एका मिस्त्रीने भावाला जुनीच पिन सरळ करून घालायला सांगितले. दहा-वीस रुपयांचा प्रश्न होता. ओसरीवरून भावजय म्हणाली, "उद्या त्यात मला बसायचंय. नवी आणा." भाऊ मुकाट्याने दुकानात गेला.

ट्रॉली मालकाची असते, जीव बसणाऱ्याचा असतो. वेचणीची बाई मजुरी विचारते, वेळ विचारते. चाकाचे कुणाला विचारायचे हे तिला ठाऊक नसते. तिचा जीव ही मालकाकडे दिलेली अमानतच आहे. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी, कापसाचा पहिला फेरा निघण्यापूर्वी, घरातल्या माणसाला एवढेच विचारावे: चाके शेवटची कधी उघडली होती? उत्तर आठवत नसेल, तर जॅक आजच काढायला सांगावा.