रिकामी लेन

माझी धाकटी बहीण एसएस आहे, मी एएस. विदर्भात वाढलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. सिकलसेल होण्यासाठी बिघडलेल्या जनुकाची प्रत आई आणि बाबा दोघांकडूनही यावी लागते. तिला दोन्ही आल्या, मला एकच. म्हणजे मी नुसता वाहक. चंद्रपूरच्या घरात थंडीच्या रात्री तिचे हातपाय दुखायला लागले की गरम पाण्याची पिशवी भरून आणणं एवढाच या आजाराशी माझा संबंध होता.

इंजिनिअरिंगला गेल्यावर मी हा आजार मित्रांना मोठ्या ऐटीत समजावून सांगायचो. जनुकसंचाची साधारण तीनशे कोटी अक्षरं, त्यात हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी'. एक अक्षर चुकलं, म्हणून ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन आलं, म्हणून ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनच्या लांबच लांब काड्या होतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. एका कॅरेक्टरचा बग! बहिणीला हे अजिबात आवडायचं नाही. "दादा, मी बग नाहीये," एवढंच म्हणायची.

गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी भंडाऱ्याची, पुण्यात माझ्याच क्षेत्रात. पत्रिका आम्ही दोघांनीही पाहिली नाही. रक्त मात्र तपासलं. सोल्युबिलिटी टेस्ट अगदी साधी असते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर एस आहे. माझ्या रेघा दिसणार नव्हत्याच. तिच्याही दिसल्या नाहीत. गढूळपणावरून एएस की एसएस ते कळत नाही, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस. वीज सोडली की ए पुढे पळतं, एस मागे रेंगाळतं, कारण त्या बदललेल्या तुकड्यामुळे त्याचा ऋण भार कमी झालेला असतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच फरक दाखवून सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटलं होतं. तिच्या रिपोर्टवर दोन पट्ट्या होत्या, माझ्यासारख्याच.

म्हणजे प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक. हे गणित आमच्याकडे हमखास चुकीचं समजलं जातं. पहिलं मूल एसएस झालं की पुढची तीन सुटली, असं सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. नाणं मागचं काही लक्षात ठेवत नाही.

मी हे सगळ्यात आधी बहिणीलाच सांगितलं. ती नागपूरला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून एका लॅबमध्ये काम करते. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये, पाण्याची बाटली कायम भरलेली. म्हणाली, "शनिवारी लॅबला ये. दाखवते तुला, ते लोक काय करतात."

लॅबमध्ये माझा पहिला अपेक्षाभंग झाला. मला वाटलं होतं काहीतरी चकचकीत असेल. ती अॅगरोज उकळत होती. घरी चायना ग्रासची खीर करतात ना, त्याच जातीची वस्तू. ट्रेमध्ये ओतायची, वर कंगवा टोचायचा, घट्ट झालं की कंगवा काढायचा आणि उरलेल्या खाचांत मायक्रोपिपेटनं दोन-चार मायक्रोलिटर सोडायचे. माझा हात इतका थरथरला की पहिला थेंब खाचेऐवजी बफरमध्ये तरंगत गेला. "राहू दे, तू टाइपच कर," ती म्हणाली.

त्याआधी दोन तास पीसीआर चालू होता. तापवा, डीएनएचे दोन धागे सुटे. थंड करा, प्रायमर चिकटतात. पुन्हा जरा तापवा, एन्झाइम नवा धागा विणतं. तीस फेऱ्यांत एकाच्या, निदान कागदावर, १०७ कोटी प्रती. कॅरी म्युलिसला ही कल्पना १९८३ साली सुचली, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते बहिणीनं सांगितलं. १९८५ साली पीसीआर पहिल्यांदा छापून आला तो सिकलसेलच्याच निदानासाठी. तेव्हा उष्णता सोसणारं एन्झाइम वापरात नव्हतं. प्रत्येक फेरीत जुनं मरायचं आणि माणसानं बसून नवं घालायचं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं एन्झाइम नंतर आलं. ते अक्षर बदललं की एका कात्री-एन्झाइमची कापायची खूणच पुसली जाते. न कापलेला तुकडा जेलवर लांब दिसतो. बस, एवढ्यावर निदान.

यूव्हीखाली पट्ट्या नारिंगी चमकल्या आणि मला भारी वाटलं. ती मात्र एकाच लेनकडे बघत होती. तिथे डीएनए घातलाच नव्हता, नुसतं पाणी होतं. आणि तिथेही पट्टी होती.

"गेलं सगळं," ती म्हणाली.

मी विचारलं, बाकीच्या तर बरोबर आल्यात ना? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की प्रॉडक्शनमध्ये टेस्ट बंद करून कोड ढकलणाऱ्याकडे मी पाहतो. कुठूनतरी परका डीएनए शिरलाय, म्हणजे कुठल्याच पट्टीवर विश्वास नाही. इथे लॉग नाही, रोलबॅक नाही. पाणी नवं, टिप नव्या, सगळं पहिल्यापासून.

आणि मग तिनं ते सांगितलं, ज्यासाठी मला बोलावलं होतं. अकराव्या आठवड्याच्या आसपास वारेचा कण काढून बाळाचा डीएनए तपासतात. त्यात आईच्या पेशी मिसळल्या तर पीसीआर त्याही इमानेइतबारे वाढवतो आणि आईचं उत्तर बाळाचं म्हणून हाती येतं. "त्यामुळे आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना हे तपासतात का, ते विचारायचं. रिपोर्ट गोड आला म्हणून गप्प बसायचं नाही."

मी मान हलवली. मग बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून तिनं विचारलं, "अन् माझ्यासारखं असलं तर? नको?"

मला उत्तर आलं नाही. मी क्रिस्परकडे पळालो. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला उपचार, ज्यात ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत! गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारं बटण तेवढं निकामी करतात, जुना कोड पुन्हा चालू. आपण ऑफिसात करतो तसला जुगाड. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, आणि आधी केमोथेरपीनं स्वतःची अस्थिमज्जा मोकळी करून घ्यायची. तिला हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं.

"मी तुझ्या जागी असते तर मीही तपासलं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण मी म्हणणं वेगळं अन् तू म्हणणं वेगळं. एवढं लक्षात ठेव. अन् आईला यातलं काही बोलू नको, ती आधीच स्वतःला दोष देऊन राहिली."

पुण्याची बस रात्री नऊची होती. मी निघालो तेव्हा ती नव्या नळ्यांवर नंबर लिहीत होती. सोमवारी दुपारी स्टँडअप कॉलमध्ये असताना तिचा फोटो आला. काळ्या जेलवर नारिंगी पट्ट्या, आणि उजवीकडची शेवटची लेन पूर्ण काळी. खाली लिहिलं होतं, "पाण्यात काही नाही. आता बाकीचं बघते."