दिव्याचा खांब

गेल्या मे महिन्यात लेक सुट्टीला घरी आली होती. एका दुपारी जेवणे आटोपल्यावर तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "अम्मी, दीड तास बस. एक गेम खेळायचा आहे." मी हसले. गेम म्हणजे गोळीबार आणि आरडाओरडा, अशीच माझी समजूत. ती म्हणाली, "यात फक्त चालायचं आणि ऐकायचं."

गेमचे नाव 'द बिगिनर्स गाईड'. डेव्ही रेडन यांनी तो 2015 मध्ये काढला. त्यात त्यांचाच आवाज, त्यांच्याच नावाने, आपल्याशी बोलत राहतो. कोडा नावाच्या मित्राने 2008 ते 2011 या काळात छोटे छोटे गेम बनवले आणि मग अचानक बनवणे सोडले. ते गेम डेव्ही आपल्याला एकेक करून दाखवतो. लोकांनी वाहवा केली तर मित्र पुन्हा बनवू लागेल, ही त्याची आशा.

सुरुवातीला बटणे सापडेनात. लेक शेजारी बसून सांगत होती. कोडाचे गेम विचित्रच. एका जिन्यावर जसजसे वर जावे तसतसा वेग मंदावतो. एका कोठडीत तासभर अडकून राहायचे असते. पण डेव्ही आपल्याला थांबू देत नाही. जिना भरभर चढवतो, कोठडीतून लगेच सोडवतो आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थही सांगतो. एका गेममध्ये घर आवरायचे होते. भांडी, अंथरूण, मंद संगीत. तिथे मात्र माझे मन रमले.

कोडाच्या कितीतरी गेमच्या शेवटी दिव्याचा एक खांब दिसतो. डेव्ही म्हणतो, मित्राला मुक्काम सापडला, त्याची ही खूण. मला ते फार आवडले. मी लेकीला म्हटलेही, "बघ, शेवटी उजेड हवाच." ती काही बोलली नाही.

शेवटच्या गेममध्ये एक मनोरा आहे. त्याच्या आत भिंतींवर कोडाने डेव्हीला उद्देशून लिहिले आहे: माझे गेम मला न विचारता लोकांना दाखवू नकोस, त्यात बदल करू नकोस, दिव्याचे खांब घालू नकोस. म्हणजे ते खांब कोडाचे नव्हतेच! डेव्हीचा आवाज कापू लागला. माझे हातही थांबले.

कारण मला आमच्याच घरातली गोष्ट आठवली. लेक नववीत होती. दादीच्या इंतकालनंतर तिने वहीत एक कथा लिहिली. शेवटी दादीची खोली अंधारी आणि बंदच राहते. मी ती वही चोरून वाचली, कथा उतरवून काढली आणि एका मासिकाला पाठवली. इतका उदास शेवट बरा दिसेना, म्हणून दोन ओळी माझ्या घातल्या: पहाट होते, अजान होते, खोलीत उजेड येतो. कथा छापून आली. ईदला आलेल्या पाहुण्यांना मी ती कौतुकाने वाचून दाखवली. लेक खाली मान घालून बसली होती. त्यानंतर मी तिच्या हातात वही पाहिली नाही. अभ्यास वाढला असेल, असे स्वतःला समजावत राहिले.

गेम संपला. कोडा खरा की काल्पनिक, यावर खेळणारे अजून वाद घालतात, असे तिने सांगितले. मी म्हणाले, "बेटा, त्या दोन ओळी..." तिने लॅपटॉप मिटला. "त्या ओळींपेक्षा, न विचारता दाखवलंस ते जास्त लागलं, अम्मी." मी माफी मागितली. ती उठून चहा ठेवायला गेली.

भगिनींनो, माझी नियत वाईट नव्हती. डेव्हीचीही नव्हती. पण मुलांची वही, चित्र, गाणे ही आपल्याकडे अमानत असते. तिचे कौतुक करायलाही इजाजत लागते. आणि आपण ज्याला मुलांचे कौतुक म्हणतो, त्यात आपल्याला हवी असलेली वाहवा किती असते, हेही एकदा तपासून पाहावे.

हा लेख पाठवण्याआधी मी लेकीला वाचायला दिला. तिने एक वाक्य खोडले. ते मी परत घातलेले नाही.