रान कुणाचे?

भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. पण तिथल्या देवराया महादेव कोळ्यांनी त्याच्या कितीतरी आधीपासून राखल्या आहेत. देवाच्या धाकाने का होईना, त्या झाडांना कुणी कुऱ्हाड लावीत नसे. आता वर्गात ‘रान कुणाचे?’ असे विचारावे, तर मुले एका सुरात म्हणतात, ‘सरकारचे!’ वाचकहो, हे उत्तर मला बोचते. म्हणून मी पुस्तक मिटतो आणि गावातल्या एका आजीबाईंना शाळेत बोलावतो. बाळहिरडा केव्हा वेचावा, एकटे शेकरू अनेक घरटी कशाला बांधते, हे त्या सांगतात; पोरे माना पुढे करून ऐकतात. वनखात्याने पाहुण्यांना रान जरूर दाखवावे. पण आधी आमच्या पोरांना दाखवावे, आणि वाटाड्या म्हणून आजीबाईंनाच पुढे घालावे.