काळ्या मातीवरची लूना

बर्फावर चालणारी गाडी म्हणजे श्रीमंतांचा हिवाळी खेळ, अशी आपली समजूत असते. तिच्या इतिहासात मात्र एक मरण आहे. क्वेबेकमधील जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाने बुजले होते, त्याला इस्पितळात नेता आले नाही. पुढे १९३७ मध्ये त्यांना आपल्या पट्ट्याच्या गाडीचे पेटंट मिळाले.

हे वाचताना मला राळेगावची कपाशीची जमीन आणि वडिलांची लूना आठवते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, काजळी धरलेला प्लग घासायचा, एवढी तिची सेवा वडील निगुतीने करीत. पण पावसाळ्यात पांधणीवर उतरले की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळी माती अशी ठासून बसे की चाक फिरेनासे होई. मग पऱ्हाटीच्या काडीने ती कोरायची. दहा पावलांवर पुन्हा तेच! बर्फावरची गाडी तरते, कारण रुंद पट्टा तिचे वजन पसरवतो. लूनाचे अरुंद चाक रुतणारच. आमच्या चिखलासाठी असा ध्यास कोणी घेतला नाही, हे मला आजही खुपते.

पावसाळ्यात दुखणेकऱ्याला न्यायचे तर लूना नव्हे, बंडीच जुंपली जाई. तिच्या आसाला ओंगण घातले आहे ना, हे वडील मृगापूर्वीच पाहून ठेवीत.