जांभ्यावर बसता येईल असा कॉश्च्यूम

दिवाळी उलटली की पुण्यातल्या बायकांना समुद्राचे वेध लागतात. कुणी ताम्हिणी उतरून दिवेआगरला जाणार असतं, कुणी मैत्रिणींबरोबर तारकर्लीला, कुणी नाताळच्या सुटीत गोव्याला. त्यातल्या बऱ्याच जणी माझ्याकडे येतात त्या मोबाइलवर एक फोटो घेऊन. फोटोत क्रोशाची वीण असते, खांद्यावरून लोंबणारे गोंडे असतात, कमरेशी कवड्या, मानेमागे गाठ. हल्ली याला ‘बोहो’ म्हणतात. फोटो मी नीट बघते, कारण मलाही ते काम आवडतं. मग विचारते, “ताई, पाण्यात उतरणार आहात की वाळूत बसणार आहात?” पुढचं सगळं कटिंग या उत्तरावर ठरतं.

वाळूत बसणारीला काहीही शोभतं. मी लिहिते आहे ती पाण्यात उतरणारीसाठी. लाटेत उड्या मारणारी, कयाक वल्हवणारी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करणारी, पोरांमागे ओल्या वाळूत धावणारी बाई. तिला नटायचंही असतं, आणि का नसावं? पोहण्याचा टिकाऊ कपडा म्हणजे काळा किंवा नेव्ही ब्लू, असं आपल्याकडे उगीचच ठरून गेलं आहे.

मी शिवण शिकले ब्लाउजपासून. कटोरी, टक्स, मुंढा यांवर हात बसल्यावर लायक्राकडे वळले, तेव्हा सगळा हिशोब उलटा करावा लागला. ब्लाउजचं कापड ताणत नाही, म्हणून श्वास घ्यायला, हात उचलायला अंगाच्या मापात थोडं सैल धरावं लागतं. कॉश्च्यूमचं कापड अंगापेक्षा लहान कापतात, साधारण दहा ते पंधरा टक्के. ओलं झालं की हे कापड ढिलावतं आणि पाणी त्याला खाली ओढतं. कोरड्या अंगावर ‘अगदी आरामशीर’ वाटणारा कॉश्च्यूम पाण्यात एक माप मोठा होतो, हे मनात धरूनच तो निवडायचा.

सगळ्यात महत्त्वाचं माप तयार कपड्याच्या लेबलवर नसतंच. छाती, कंबर, सीट ही मापं सगळ्यांना पाठ असतात. मी आधी टेप खांद्यावर ठेवते, पुढून पोटावरून खाली नेते, दोन पायांमधून काढून पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणते. वन-पीसचं खरं माप हे. दोन बायकांची छाती-कंबर तंतोतंत एक असते आणि या मापात सहज चार इंचांचा फरक निघतो. लांब धडाच्या बाईने नुसता छातीचा साइज बघून घेतलेला कॉश्च्यूम खांद्यात रुततो, खाली काचतो, आणि ती बिचारी समजते की आपण जाड झालो. आपल्या अंगात काही वाईट नसतं, कपडा आखूड असतो. हे मला ट्रायल घेताना इतक्या वेळा सांगावं लागतं की दारावर लिहून लावावंसं वाटतं. असं धड असेल तर सरळ टू-पीस घ्या. उंच कंबरेची खालची चड्डी आणि वर पाठीत घट्ट बसणारा पोलका. पोट झाकलं जातं आणि खांदे सुटतात.

ट्रायल म्हणजे आरशासमोर उभं राहणं नव्हे. दोन्ही हात डोक्यावर न्या. उकिडवं बसा. वाकून पायाची बोटं धरा. जागच्या जागी उड्या मारा. खांद्याच्या पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत, तिसरं जाता कामा नये. मांडीच्या इलॅस्टिकने वळ उठला तर ते घट्ट आहे. उकिडवं बसल्यावर फट पडली तर वाळू आत येणार. पट्ट्या मानेमागे बांधायच्या असतील तर छातीचं सगळं वजन मानेवर येतं आणि तासाभराच्या पोहण्यानंतर मान भरून येते. म्हणून मी पाठीवर फुली पडेल अशा पट्ट्या घालते. मानेमागची गाठ हवीच असेल तर ती नुसती शोभेची ठेवते, वजन दुसरीकडे घेते. धातूच्या कड्या मला नकोत. उन्हात तापतात, खाऱ्या पाण्यात डागाळतात, आणि स्कूबाच्या सूटखाली नेमक्या बरगडीवर टोचतात.

आता ‘बोहो’चं बघू. हणजूणच्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले, त्यांच्या देवाणघेवाणीतून बुधवारचा बाजार उभा राहिला, आणि त्या बाजारात बंजारा बायका आपलं भरतकाम घेऊन बसू लागल्या. आरसे, कवड्या, गोंडे, लाल-केशरी-निळ्या कापडांचे तुकडे जोडून केलेलं काम. फेटिया, कांचळी आणि डोक्यावरची ओढणी हा बंजारा बाईचा वेश. त्यातली कांचळी पाठीवर उघडी आणि बंदांनी बांधायची. परदेशी मासिकातल्या ‘बोहो टॉप’शेजारी कांचळी ठेवून बघा. यवतमाळ-वाशिमच्या तांड्यांवरच्या आज्या हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. हे आपल्या घरचं आहे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आवर्जून सांगते.

पण हे काम उतरलं आहे ते जाड सुती कापडावर, कोरड्या माळासाठी. जसंच्या तसं लायक्रावर आणलं तर आरशाची कड कापडाचे धागे तोडते आणि त्वचाही खरचटते. सुती दोऱ्याचं भरतकाम ताणत नाही. खालचं कापड ताणलं की टाके तुटतात. सुती क्रोशा पाणी पितो आणि गुडघ्याकडे चालू लागतो. लांब गोंडे लाटेत अंगाला गुंडाळतात. म्हणून मी नक्षी कापडात छापून घेते आणि उठाव शिवणीतून आणते. चौकटी, त्रिकोण, पट्ट्या हे सगळं वेगवेगळ्या रंगांचे तुकडे जोडून होतं, कारण बंजारा काम मुळात तुकड्यांचंच आहे. गोंडे हवेत तर छातीच्या वरच्या कडेला, चार बोटांपेक्षा आखूड, पॉलिस्टर दोऱ्याचे. क्रोशा हवाच असेल तर नायलॉनच्या दोऱ्याचा, खाली पूर्ण लायक्राचं अस्तर देऊन. खऱ्या आरशांची आणि कवड्यांची हौस किनाऱ्यावर वरून गुंडाळायच्या सुती कापडावर भागवावी. तिथे ते काम खुलतं.

बंजारा कामातल्या भडक रंगांचा एक फायदाही आहे. कोकणचं पाणी गढूळ असतं. निळा, राखाडी, मेंदी, मातकट तपकिरी हे ‘बोहो’चे लाडके रंग त्यात विरघळून जातात, आणि लाटांच्या फेसात पांढराही दिसत नाही. भडक केशरी, राणी, लाल लांबूनही ओळखू येतात. लहान मुलीचा कॉश्च्यूम मी निळ्यात शिवत नाही. आईने कितीही हट्ट केला तरी नाही.

छापील कापडाची एक खूण लक्षात ठेवा. दोन्ही हातांनी जोरात ताणा. मधून पांढरं डोकावलं तर तो छाप पांढऱ्या कापडावर वरवर बसला आहे आणि सीटवर, छातीवर सगळ्यात आधी फिका दिसेल. त्याच वेळी उजेडाकडे धरून बघा. ताणल्यावर बोटं दिसत असतील तर ओलं झाल्यावर बाकीचंही दिसेल. नायलॉन-लायक्रा अंगाला मऊ लागतो, समुद्रासाठी उत्तम. पण रोज क्लोरिनच्या पाण्यात, म्हणजे बालेवाडीला किंवा सोसायटीच्या तलावात जाणारीने पॉलिस्टरचं कापड घ्यावं. क्लोरिन लायक्राचा धागा खातं. हा धागा अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली शोधला. पूर्वी पोहण्याचे कपडे बरेचदा लोकरी किंवा सुती विणीचे असत आणि भिजले की लोंबत. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेशात पडद्यावर आल्या ते 1938 साली, लायक्रा जन्मायच्या वीस वर्षं आधी. महाराष्ट्रात त्याची केवढी चर्चा झाली होती! त्या धैर्यापुढे आपली आजची ‘लोक काय म्हणतील’ची धास्ती मला फार लहान वाटते.

कारण धास्ती अजून आहे. कितीतरी बायका सलवार-ओढणीसकट लाटेत उभ्या राहतात. भिजलेली सलवार पायात घोटाळते, ओढणी गळ्याशी आवळते, आणि लाट परत फिरताना कपड्यासकट माणसाला ओढते. मर्यादा सांभाळायची म्हणून जीव धोक्यात घालायची गरज नाही. अलिबाग-वरळीच्या कोळणींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्यात, पाय मोकळे, लोंबणारं काही नाही. अंग झाकायचं असेल तर गुडघ्यापर्यंत पायाला चिकटणारा, लांब बाह्यांचा कॉश्च्यूम घ्या. उन्हापासूनही तो भिजलेल्या पांढऱ्या सुती कुडत्यापेक्षा चांगला वाचवतो. पुण्यातल्या लेडीज बॅचमध्ये लोकप्रिय असलेला घेरदार फ्रॉकचा कॉश्च्यूम मात्र समुद्रात नको. घेरात पाणी भरतं आणि लाट त्याला शिडासारखं धरते.

टिकाऊपणा आतून कळतो. कपडा उलटा करा आणि शिवण ताणा. टीप करकरली, तर ती पहिल्याच सहलीत उसवणार. सरळ टीप लायक्रावर चालत नाही, झिगझॅग किंवा ओव्हरलॉक हवी, दोरा पॉलिस्टरचा हवा, आणि सुई गोल टोकाची, नाहीतर प्रत्येक टाक्याला एक भोक पडतं आणि तिथून कापड धावतं. परकराचं इलॅस्टिक कॉश्च्यूमला लावलेलं मी पाहिलं आहे. क्लोरिनमध्ये ते एका उन्हाळ्यात लाडवासारखं ठिसूळ होतं. सीटवर दुहेरी कापड घ्या. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर बसायला जांभा असतो, आणि जांभ्याइतका खरखरीत दगड कापडाला दुसरा नाही. त्यावर चिकटलेली कालवं तर सुरीच. कितीही भारी कापड असलं तरी खडकावर पंचा टाकूनच बसावं.

पाण्यात उतरण्याआधी कॉश्च्यूम गोड्या पाण्यात भिजवून घ्या, म्हणजे तो क्लोरिनचं पाणी कमी पितो. अंगाला खोबरेल चोपडून समुद्रात जायची सवय रबराच्या इलॅस्टिकला फुगवते आणि मारते. सनस्क्रीन लावून बोअरच्या पाण्याने कपडा धुतलात तर त्यातल्या लोहामुळे तांबूस डाग पडतात, म्हणून घरी पोचल्यावर साध्या नळाच्या पाण्याने पुन्हा धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत वाळत घाला. चार दिवसांच्या मुक्कामाला दोन कॉश्च्यूम न्या आणि आलटून-पालटून घाला, कारण ताणलेल्या लायक्राला मूळ मापावर यायला एक दिवस लागतो.

शिवून घेणार असाल तर निदान महिनाभर आधी या, आणि तयार घेणार असाल तरी तेवढाच वेळ हाताशी ठेवा. नवा कॉश्च्यूम आधी पुण्यातच एखाद्या तलावात तासभर घालून पोहा. जे सैल व्हायचं, काचायचं, उसवायचं ते तिथे समजू द्या, चार फूट पाण्यात, काठ हाताशी असताना.